टेम्पोची परीक्षा

(वाहनातून निघणारा धूर ठरवून दिलेल्या मर्यादेत आहे की नाही, हे तपासून वाहनाला प्रमाणपत्र देतात. बोलताना सगळे त्याला ‘पीयूसी’ म्हणतात. भिवंडीतील एका टेम्पोचालकाला हे प्रमाणपत्र मिळवण्यासाठी काय काय करावे लागले, ते या पाठात त्यांची मुलगी सांगत आहे. ती नववीत शिकते.)

भिवंडीत रात्रंदिवस यंत्रमाग चालतात. आमच्या गल्लीत त्यांची खटखट कधी थांबत नाही. वीज गेली आणि माग बंद पडले, की उलट आम्हांला जाग येते. या मागांवर विणलेल्या कापडाचे ताके गोदामात पोहोचवण्याचे काम टेम्पो करतात. असाच एक टेम्पो माझे अब्बा चालवतात. शांतीनगरमधल्या कारखान्यांत ताके भरायचे आणि अंजूरफाट्याजवळच्या गोदामांत उतरवायचे. दिवसाला तीन-चार फेऱ्या होतात. त्यावर आमचे घर चालते.

टेम्पो जुना आहे. रात्री तो आमच्या दारासमोरच उभा असतो. सकाळी अब्बा तो सुरू करत, तेव्हा मागून धुराचा काळा लोट निघे. अम्मी त्याआधीच खिडकी लावून घेई, कारण माझ्या धाकट्या भावाला दमा आहे. थंडीच्या दिवसांत त्याला जास्त त्रास होतो. तरीही फटीतून वास आत येई आणि भाऊ खोकू लागे. आम्हांला त्याची सवय झाली होती. टेम्पो म्हटला की धूर असायचाच, असे आम्ही धरून चाललो होतो.

एका शनिवारी संध्याकाळी अब्बांनी गाडीच्या कागदांची पिशवी माझ्यापुढे ठेवली. “बेटी, तू मराठी चांगली वाचतेस. कोणत्या कागदाची मुदत कधी संपते, ते बघ,” ते म्हणाले. मी एकेक कागद वाचला. पीयूसीची मुदत चार दिवसांत संपत होती.

“मुदत संपली की गोदामाच्या फाटकावर गाडी आत घेणार नाहीत. पोलिसांनी अडवले तर दंड वेगळाच,” अब्बा म्हणाले. “उद्याच जाऊन येऊ.”

दुसऱ्या दिवशी रविवार होता, म्हणून मीही त्यांच्याबरोबर गेले. पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यात तपासणी केंद्र होते. तिथे एक तरुण दादा काम करत होते. त्यांनी टेम्पोच्या नंबरपाटीचा फोटो काढला. मग एक लांब नळी धुराच्या पाइपात घातली. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून अब्बांना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायला आणि सोडायला सांगितले. असे काही वेळा केले. प्रत्येक वेळी पडद्यावर आकडा उमटला. शेवटी मशीनने सरासरी काढली. आकडा होता ७८.

“चाचा, गाडी नापास झाली,” दादा म्हणाले. “तुमच्या गाडीला ६५ पर्यंत परवानगी आहे.”

मी विचारले, “दादा, हे ६५ म्हणजे काय?”

त्यांनी मशीनकडे बोट दाखवले. “धूर या मशीनच्या आतल्या नळीत जातो. नळीच्या एका टोकाला दिवा आहे आणि दुसऱ्या टोकाला प्रकाश मोजणारे साधन आहे. धूर नसेल तर सगळा प्रकाश पलीकडे पोहोचतो. तेव्हा आकडा शून्य येतो. धुरामुळे काहीच प्रकाश पोहोचला नाही, तर आकडा १०० येतो. तुमच्या गाडीच्या धुराने १०० पैकी ७८ भाग प्रकाश अडवला. भारत स्टेज चारच्या आधीच्या डिझेल गाड्यांना ६५ पर्यंत सूट आहे. भारत स्टेज चारच्या गाड्यांना फक्त ५० पर्यंत. त्यानंतरच्या गाड्यांचा नियम आणखी कडक आहे.”

अब्बा गप्प झाले. आम्ही बाहेर आलो, तेव्हा एक माणूस जवळ आला. हळू आवाजात तो म्हणाला, “गाडी दुरुस्त करायला दोन दिवस लागतील. खर्चही होईल. मला थोडे पैसे जास्त द्या. कागद घरी येईल. गाडी आणायचीही गरज नाही.” त्याने आपला फोन नंबर एका चिठ्ठीवर लिहून दिला. अब्बांनी चिठ्ठी खिशात ठेवली. ते ‘हो’ म्हणाले नाहीत, पण ‘नाही’ही म्हणाले नाहीत.

मला वाईट वाटले. परीक्षेत नक्कल करू नये, असे अब्बाच मला नेहमी सांगतात. पण मला त्यांची अडचणही दिसत होती. दोन दिवस टेम्पो उभा राहिला, तर दोन दिवसांची कमाई बुडणार होती. शाळेची फी, भावाचे औषध, घराचे भाडे, सगळे त्या कमाईतूनच जाते.

रात्री जेवताना अब्बांनी अम्मीला सगळी हकिकत सांगितली. चिठ्ठीही दाखवली. अम्मी थोडा वेळ काही बोलली नाही. मग तिने भावाच्या ताटात भात वाढला आणि म्हणाली, “तो कागद कपाटात राहील. धूर मात्र रोज खिडकीतून आत येईल.”

अब्बांनी चिठ्ठी फाडून टाकली.

सोमवारी ते टेम्पो घेऊन काल्हेरच्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेले. आमच्या शाळेला त्या दिवशी सुट्टी होती. काय दुरुस्त करतात, ते पाहायला मीही गेले. मिस्त्रीकाकांनी आधी टेम्पो सुरू करायला सांगितला आणि ते नुसते धुराकडे पाहत राहिले.

“वैद्य नाडी बघतो, तसा मी धूर बघतो,” ते मला म्हणाले. “निळसर धूर असेल, तर इंजिनात ऑइल जळते आहे. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिला, तर डिझेल न जळताच बाहेर पडते आहे किंवा आत पाणी शिरले आहे. काळा धूर असेल, तर डिझेल जास्त आणि हवा कमी. तुमचा धूर काळा आहे. आता हवा कुठे अडली आणि डिझेल कुठे वाढले, ते शोधायचे.”

त्यांनी पहिल्यांदा एअर फिल्टर काढला. इंजिनात जाणारी हवा या फिल्टरमधून गाळून जाते. फिल्टरच्या घड्यांवर धुळीचा जाड थर बसला होता आणि त्यात सुताचे बारीक तंतू गुंतले होते. “ही भिवंडीची हवा!” मिस्त्रीकाका हसले. “दिवसभर कारखान्यांच्या दारात गाडी उभी असते. रस्त्याची धूळ आणि मागांचे तंतू दोन्ही आत जातात. तोंडावर जाड रुमाल बांधून माणसाला धावायला सांगितले, तर तो किती धावेल? इंजिनाचेही तसेच आहे.” फिल्टर साफ होण्यापलीकडे गेला होता. काकांनी नवा बसवला.

नंतर त्यांनी नोझल काढले. इंजिनात डिझेल उडवणाऱ्या बारीक छिद्रांच्या तोंडाला नोझल म्हणतात. आम्ही ते घेऊन शेजारच्या डिझेल पंप दुरुस्तीच्या दुकानात गेलो. तिथे नोझल एका यंत्राला लावून पाहिले. चार नोझलपैकी दोन नोझलमधून बारीक तुषार उडाले. उरलेल्या दोन नोझलमधून मात्र थेंब पडत होते.

ते पाहून मला दादीचा जुना स्टोव्ह आठवला. स्टोव्हच्या छिद्रात कचरा अडकला, की ज्योत निळ्याची पिवळी होई आणि भांड्यांवर काजळी धरे. दादी छिद्रात पिन घाली. मग ज्योत पुन्हा निळी होई. मी हे सांगितले, तेव्हा काका खूश झाले. “अगदी तेच! तुषार हवेत नीट मिसळतो, म्हणून पूर्ण जळतो. थेंब पूर्ण जळत नाही. त्याची काजळी होते. काळा धूर म्हणजे अर्धवट जळालेले डिझेल. भाई, तुम्ही पंपावर पैसे देऊन डिझेल भरता आणि पाइपातून रस्त्यावर फेकता!”

मग काकांनी डिझेलच्या पंपाकडे पाहिले आणि अब्बांना विचारले, “भाई, याचे सील कोणी तोडले?”

अब्बांनी मान खाली घातली. मागच्या वर्षी त्यांनी एका गॅरेजात पंपातून जास्त डिझेल सोडण्याची व्यवस्था करून घेतली होती. त्यामुळे जास्त ताके भरले, तरी गाडी पुलाचा चढ जोरात चढत असे. काका म्हणाले, “जोर वाढला, पण हवा तेवढीच राहिली. जास्तीचे डिझेल जळणार कसे? पंप कंपनीच्या मापावर आणावा लागेल. मग मात्र मापापेक्षा जास्त माल भरता येणार नाही.”

हा प्रश्न सर्वांत अवघड होता. फिल्टर बदलता येतो, नोझल साफ करता येतात. पण माल कमी भरायचा म्हणजे कमाई कमी करायची. अब्बांनी बराच वेळ हिशोब केला. प्रत्येक फेरीला किती ताके कमी होतील, डिझेल किती वाचेल, टायर किती टिकतील, जास्त वजनाबद्दल दंड किती वेळा भरला, हे सगळे त्यांनी माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहायला लावले. नुकसान राहत होते, पण वाटले होते तेवढे नव्हते. “पंप मापावर आणा,” अब्बा म्हणाले. दुकानात पंप यंत्रावर लावून मापात आणला आणि नवे सील लावले.

मिस्त्रीकाकांनी इंजिन ऑइल आणि ऑइलचा फिल्टरही बदलला. धुराच्या पाइपाला एक भोक पडले होते. त्याला वेल्डिंग केले. “भोक असले तर धूर मधूनच निसटतो आणि तपासणीचा आकडा खोटा येतो. परीक्षा द्यायची तर खरी द्यावी,” ते म्हणाले.

निघताना त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. “थंड गाडी तपासणीला नेऊ नका. थंड इंजिनात डिझेल नीट जळत नाही. आधी पंधरा-वीस मिनिटे गाडी रस्त्यावर चालवा. इंजिन चांगले तापू द्या. नंबरपाटी पुसून घ्या, म्हणजे फोटो स्पष्ट येईल.”

मंगळवारी संध्याकाळी शाळा सुटल्यावर आम्ही पुन्हा केंद्रावर गेलो. अब्बांनी टेम्पो आधी कशेळीपर्यंत नेऊन आणला होता. पुन्हा नळी पाइपात गेली. पुन्हा ॲक्सिलरेटर दाबला. मी पडद्याकडे पाहत होते. माझ्या निकालाच्या दिवशी जसे पोटात गोळा येतो, तसे मला वाटत होते. सरासरी आली ४६.

“चाचा, पास!” दादांनी छापलेला कागद दिला. तो मीच मोठ्याने वाचला. त्यावर गाडीचा नंबर, तपासणीची तारीख, मिळालेला आकडा, परवानगीची मर्यादा आणि मुदत छापली होती. मुदत सहा महिन्यांची होती. तपासणीची नोंद सरकारी संगणकावरही जाते, असे दादांनी सांगितले.

बुधवारी शाळेत मी हा अनुभव सांगितला. विज्ञानाच्या मॅडमनी त्यावर अधिक माहिती दिली. आपल्या देशात मोटार वाहन कायदा १९८८ साली झाला आणि त्याचे केंद्रीय नियम १९८९ साली आले. या नियमांप्रमाणे वाहनाच्या पहिल्या नोंदणीला एक वर्ष झाले, की पीयूसी बाळगावी लागते. जुन्या वाहनांची पीयूसी सहा महिने चालते. भारत स्टेज चार आणि त्यापुढच्या वाहनांची एक वर्ष चालते. विजेवर चालणाऱ्या वाहनांना ती लागत नाही. २०१९ साली कायद्यात सुधारणा झाली. तेव्हापासून धुराचा नियम मोडणाऱ्याला दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

एका मुलाने विचारले, “मॅडम, पीयूसी नसेल तर गाडीचा विमा काढत नाहीत ना?” मॅडम म्हणाल्या, “ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तशी अट घातली होती. पण विमाच नसलेल्या गाडीने अपघात केला, तर जखमी माणसाला भरपाई मिळणे कठीण होते. म्हणून जुलै २०२४ मध्ये न्यायालयाने ती अट काढून टाकली. पीयूसी मात्र आजही सक्तीचीच आहे.”

पेट्रोल आणि सीएनजीवर चालणाऱ्या गाड्यांची तपासणी वेगळी असते, हेही मॅडमनी सांगितले. त्या गाड्यांचा धूर सहसा डोळ्यांना दिसत नाही. म्हणून त्यात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू आणि न जळालेले इंधन किती आहे, ते मशीन मोजते. डिझेलच्या काजळीचे कण इतके बारीक असतात, की ते श्वासाबरोबर फुप्फुसांत खोलवर जातात. २०१२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलच्या धुराला कर्करोगाचे कारण म्हणून जाहीर केले. १ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज सहाचे कडक नियम लागू झाले. नव्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी गाळणी असते. पण रस्त्यावर जुन्या गाड्याही खूप आहेत. त्यांची काळजी त्यांच्या मालकांनाच घ्यावी लागते.

शेवटी मॅडम म्हणाल्या, “एक लक्षात ठेवा. डिझेल गाडीच्या तपासणीत फक्त धुराचा काळेपणा मोजतात. धुरातले सगळेच विषारी वायू त्यात मोजले जात नाहीत. म्हणून प्रमाणपत्र मिळाले, म्हणजे धूर शुद्ध झाला, असे नाही. तो मर्यादेत आला, एवढेच.”

आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी अब्बा आणि मी टेम्पो तपासतो. फिल्टर उघडून पाहतो. ऑइलची पट्टी बाहेर काढून पाहतो. ऑइल पट्टीवरच्या दोन खुणांच्या मध्ये असले पाहिजे. टायरमधली हवा पाहतो, कारण हवा कमी असली की इंजिनाला जास्त जोर लावावा लागतो. मग अब्बा इंजिन सुरू करतात आणि मी मागे, थोडी दूर उभी राहून धुराचा रंग सांगते. या सगळ्याची मी वहीत तारीखवार नोंद ठेवते. सहा महिन्यांनी पुन्हा परीक्षा येईल. तेव्हा धावपळ करावी लागणार नाही. रोज अभ्यास करणाऱ्याला परीक्षेची भीती कसली?

माझ्या भावाचा दमा बरा झाला, असे मी म्हणणार नाही. गावात कारखान्यांची धुराडी आहेत, रस्त्यांवर धूळ आहे, हवेत सुताचे तंतू आहेत. डॉक्टर म्हणतात, त्याला औषध घ्यावेच लागेल. पण सकाळी टेम्पो सुरू होतो, तेव्हा तो पूर्वीसारखा खोकत नाही. अब्बा आता टेम्पो गल्लीच्या तोंडाशी उभा करतात आणि विनाकारण इंजिन चालू ठेवत नाहीत. साऱ्या भिवंडीचा धूर आम्ही थांबवू शकत नाही. आमच्या वाट्याचा धूर मात्र आम्ही कमी केला आहे.

आणि अम्मी? ती आता सकाळी खिडकी उघडी ठेवते.

शब्दार्थ

यंत्रमाग – विजेवर चालणारा कापड विणण्याचा माग
ताका – मागावरून उतरवलेल्या अखंड कापडाची घडी किंवा गुंडाळी
मुदत – ठरलेला काळ
लोट – धुराचा मोठा झोत
नाडी बघणे – मनगटावरील ठोक्यांवरून प्रकृती ओळखणे
तंतू – धागा, सुताचा बारीक भाग
तुषार – पाण्याचे किंवा द्रवाचे अतिशय बारीक कण
काजळी – धुराचा काळा थर
माप – ठरवलेले प्रमाण
धुराडे – धूर बाहेर जाण्याची उंच नळी

टीप

भारत स्टेज : वाहनातून किती धूर आणि कोणते वायू निघावेत, याविषयी केंद्र सरकारने ठरवलेल्या मर्यादांचे टप्पे. टप्प्याचा आकडा वाढतो, तसा नियम कडक होतो.

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) टेम्पो कोणत्या मालाची ने-आण करत असे?
(२) पहिल्या तपासणीत टेम्पो नापास का झाला?
(३) एअर फिल्टरमध्ये काय अडकले होते?
(४) तपासणीपूर्वी इंजिन गरम का करावे?

प्र. २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) धुराच्या रंगावरून मिस्त्रीकाका कोणते दोष ओळखतात?
(२) मुलीला दादीचा स्टोव्ह का आठवला?
(३) पंप मापावर आणण्याचा निर्णय अब्बांना अवघड का वाटला?

प्र. ३. कोण, कोणास म्हणाले?
(१) “तो कागद कपाटात राहील. धूर मात्र रोज खिडकीतून आत येईल.”
(२) “परीक्षा द्यायची तर खरी द्यावी.”

प्र. ४. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
धरून चालणे, मान खाली घालणे, पोटात गोळा येणे

प्र. ५. ‘मुदत’, ‘तारीख’, ‘दुरुस्त’, ‘हवा’ हे शब्द उर्दूतही आहेत. पाठातून असे आणखी पाच शब्द शोधा. मराठीत आणि उर्दूत त्यांचा अर्थ सारखाच आहे का, ते लिहा.

उपक्रम : तुमच्या घरातील किंवा शेजारच्या एखाद्या वाहनाची पीयूसी वाचा. तपासणीची तारीख, मुदत आणि मिळालेला आकडा वहीत नोंदवा. वाहनमालकाला मुदतीची आठवण करून देणारी मराठी चिठ्ठी लिहा.